हौस, तसबीर आणि डार्करूम

हौस हा शब्द आपल्याला इतका घरचा वाटतो, की तो बाहेरून आला आहे हे सांगूनही कुणाला पटत नाही. मूळ अरबीतला 'हवस'. उर्दूत आजही तो जपून वापरावा लागतो, कारण तिथे त्याला हावरेपणाचा वास आहे. मराठीत येऊन मात्र तो सोज्वळ झाला. आपण हौसेने लेकीचं लग्न करतो, हौसेने नाटकात काम करतो, पदरचे पैसे घालून हौसेने कवितासंग्रहही काढतो. 'तसबीर'चंही तसंच. अरबीतला 'तस्वीर' म्हणजे रूप देणे, आकार देणे. आमच्या चाकुरात देव्हाऱ्यावर टांगलेल्या विठोबाच्या चित्राला म्हाताऱ्या बायका तसबीरच म्हणत. आज बोलायचं आहे ते हौसेने तसबिरी काढणाऱ्या मंडळींविषयी. ही मंडळी एकत्र का आली, एकमेकांकडून काय शिकली, आणि आमच्या मराठवाड्यात ही गोष्ट इतक्या उशिरा का पोचली, याविषयी.

फोटोग्राफी जगासमोर आली १८३९ साली. लंडनमध्ये तिची संस्था निघाली १८५३ साली. आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. हिंदुस्थानातली ही अशी पहिली संस्था. रेल्वे नुकती ठाण्यापर्यंत धावू लागली होती, विद्यापीठ निघायला अजून तीन वर्षं होती. संस्थेत बहुतेक कंपनी सरकारचे अधिकारी, लष्करी कप्तान, व्यापारी. पण त्यांच्याबरोबर आपली माणसंही होती. डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. गोव्यातल्या मांद्र्याचं हे घराणं. दोघेही पेशाने डॉक्टर, म्हणजे औषधी द्रव्यं मोजून मिसळायची सवय असलेले. त्या काळातल्या फोटोग्राफीला नेमकी हीच सवय हवी होती.

कारण तेव्हा फोटो काढणं म्हणजे बटण दाबणं नव्हतं. काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण सारखं पसरायचं, मग ती काच अंधारात चांदीच्या क्षारात, म्हणजे सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. कोलोडियनमध्ये ईथर असतं आणि ते आपल्याकडच्या उन्हात बघता बघता उडून जातं. विलायतेत छापलेल्या पुस्तकातली मापं मुंबईच्या मे महिन्यात लागू पडत नसत. पावसाळ्यातली दमट हवा, विहिरीचं क्षारयुक्त पाणी, धूळ, हे सगळं त्या पुस्तकात नव्हतंच. ते एकमेकांना विचारूनच कळणार. म्हणून तर संस्था.

सभासद जमायचे, निबंध वाचायचे, काढलेली चित्रं मांडायचे. १८५५ पासून संस्थेचं नियतकालिक निघू लागलं. त्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. हरिचंद चिंतामण हे तिथेच शिकले आणि पुढे मुंबईतल्या पहिल्या हिंदी व्यावसायिक छायाचित्रकारांत गणले गेले. १८५६ पासून जॉन्सन आणि हेंडरसन या दोघांनी 'दि इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' नावाची मासिक मालिका काढली. त्या काळी छपाईत फोटो उमटवण्याची सोय नव्हती. प्रत्येक अंकात खरे फोटो चिकटवलेले असत!

मी कवितेच्या वाटेने आलेला माणूस, त्यामुळे मला यात मुशायऱ्याची आठवण येते. उर्दूत 'इस्लाह' नावाची पद्धत आहे. शागीर्द आपली गझल उस्तादापुढे ठेवतो, उस्ताद एखादा शब्द खोडतो, एखादा मिसरा फिरवतो. यात लाज नाही. उलट कुणाची इस्लाह घेतली हे लोक अभिमानाने सांगतात. हौशी छायाचित्रकारांनी हेच केलं, फक्त त्यांच्यात उस्ताद एक नव्हता, सगळेच एकमेकांचे उस्ताद. धंदेवाईक स्टुडिओवाल्याला हे परवडणारं नव्हतं. त्याचं मिश्रण हे त्याचं भांडवल. ते तो दार लावूनच करणार. हौशी माणसाला मात्र गुपित राखून काही मिळत नाही, दाखवूनच मिळतं.

पण हौशी संस्था म्हणजे काही फक्त गोडीगुलाबी नव्हती. १८५६ साली कलकत्त्यात अशीच संस्था निघाली. थोर संशोधक राजेंद्रलाल मित्र तिचे खजिनदार होते. १८५७ साली त्यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमधल्या सभेत निळीच्या मळेवाल्या गोऱ्यांविरुद्ध भाषण केलं, आणि फोटोग्राफीच्या संस्थेतून त्यांना काढून टाकण्यात आलं. भाषणाचा आणि फोटोचा संबंध काय? काहीच नाही. पण मुद्दा तोच होता. तुम्ही आमच्याबरोबर काच धुवा, चांदीचे क्षार मोजा, हिशेब ठेवा. तोंड उघडू नका. कॅमेरा कुणाच्या हातात आहे आणि तो हात कुणाचा मिंधा आहे, हा प्रश्न या कलेला जन्मापासूनच चिकटलेला आहे.

आता आमच्याकडे येऊ. मुंबईत हे चाललं होतं तेव्हा आमचा मुलूख निजामाच्या राज्यात. तिथे कॅमेरा आला तो हौशी मंडळींच्या हातून नव्हे, साहेबाच्या किंवा दरबाराच्या हातून. रॉबर्ट गिल हा मद्रास लष्करातला अधिकारी १८४४ साली अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमला गेला. त्याने वर्षानुवर्षं खपून मोठमोठे कॅनव्हास रंगवले, त्यातले बहुतेक १८६६ च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाले. पण गिलने मध्यंतरी कॅमेराही हाती घेतला होता आणि त्याच्या फोटोंची पुस्तकं १८६४ साली लंडनला निघाली होती. रंग जळाले, फोटो राहिले, कारण फोटोच्या प्रती निघतात. भाऊ दाजींचाही अजिंठ्याशी संबंध आला. तिथले शिलालेख वाचून त्यांनी १८६० च्या दशकात निबंध प्रसिद्ध केला. दगडावरची झिजलेली अक्षरं वाचणाऱ्या माणसाला फोटोची हौस का वाटली असेल, हे मला समजू शकतं.

दुसरे मोठे नाव लाला दीनदयाळ यांचे. जन्म १८४४, रुडकीला इंजिनिअरिंग शिकलेले, इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी. फोटोग्राफी त्यांनी आधी हौस म्हणूनच सुरू केली, ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पुढे ते सहाव्या निजामाचे, मीर महबूब अली खानांचे, छायाचित्रकार झाले. सिकंदराबादला त्यांचा मोठा स्टुडिओ होता. १८९२ साली त्यांनी हैदराबादला पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला, तिथे फोटो काढणाऱ्याही बायकाच. निजामाने त्यांना किताब दिला तो 'मुसव्विर जंग'. मुसव्विर म्हणजे तसबीर करणारा, रूप देणारा. अल्लाहच्या ९९ नावांतलं एक नाव 'अल-मुसव्विर' आहे. सनातनी मुसलमानाचा चित्राला विरोध असतो तो नेमका इथे, की रूप देणं हे त्याचं काम. आणि एका मुसलमान राजाने एका जैन छायाचित्रकाराला भर दरबारात तोच शब्द बहाल केला. आमच्या दख्खनची रीतच अशी, पुस्तकातला नियम एकीकडे आणि नांदणं दुसरीकडे.

पण दीनदयाळांच्याच स्टुडिओतली आणखी काही चित्रं आहेत. १८९९-१९०० च्या दुष्काळातल्या मदतकार्याची, तेव्हाच्या औरंगाबाद भागातली. लंगोट्या लावलेली, बरगड्या मोजता येतील अशी माणसं ओळीने उभी आहेत. राजेरजवाड्यांच्या फोटोंखाली किताबांसकट नावं असतात. यांच्याखाली नावं नाहीत. ही माझ्याच मुलखातली माणसं. कुणाचे तरी पणजोबा त्यात असतील आणि ते कुणाचे, हे आता कधीच कळणार नाही. चित्र काढणारा गावातला असता तर निदान 'हा अमक्याचा अमका' एवढं तरी पाठीमागे लिहिलं गेलं असतं. मुंबईला १८५४ साली जे मिळालं आणि आम्हाला शंभर वर्षं मिळालं नाही ते हेच, आपल्या माणसांतला कॅमेरा.

मुंबईची ती जुनी संस्था पुढे १८६० च्या दशकात मंदावली. विसाव्या शतकात हौशी मंडळी पुन्हा जमली. १९३२ साली 'कॅमेरा पिक्टोरिअलिस्ट्स ऑफ बॉम्बे', १९३७ साली 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया' आणि १९५३ साली देशभरच्या क्लबांचा महासंघ. जहांगीर उनवाला, पालनपूरचे ए. एल. सय्यद ही त्या पिढीची नावं. प्रदर्शनं, स्पर्धा, सहली, डार्करूमचे वर्ग असं सगळं रीतसर सुरू झालं. त्यांची चित्रं सुंदर आहेत यात शंका नाही. तरी एक तक्रार नोंदवतो. संध्याकाळच्या धुळीत सोनेरी दिसणारी बैलगाडी या मंडळींना फार प्रिय. आम्ही त्या बैलगाडीत बसून ती धूळ खाल्लेली असल्याने आम्हाला तीत सोनं दिसायला जरा वेळ लागतो.

चाकुरात आमच्या लहानपणी एक स्टुडिओ होता. मागे पडद्यावर रंगवलेला ताजमहाल, पुढे लाकडी स्टूल. दहावीचा फॉर्म, सोयरीक आणि मयत, एवढ्या तीन कारणांनी लोक तिथे जात. मी बी.ए.ला होतो तेव्हा, १९८८-८९ च्या सुमाराला, आम्ही पाच-सहा पोरं एकत्र आलो. संस्थेला नाव नव्हतं, शिक्का नव्हता. लातूरचे एक प्राध्यापक मुंबईत शिकत असताना अशा क्लबात जात असत. शिस्त त्यांनी लावली. महिन्यातून एक रविवार. प्रत्येकाने एकच फोटो आणायचा, नाव न लिहिता टेबलावर ठेवायचा. आधी इतरांनी बोलायचं, ज्याने काढला त्याने शेवटपर्यंत गप्प बसायचं. कवीसाठी याहून कठीण शिक्षा नाही.

सगळ्यांत मिळून एक क्लिक थ्री कॅमेरा होता, बडोद्याला बनलेला. एका रोलमध्ये १२ फोटो. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म मिळाली तर नशीब. (तो सरकारी कारखानाही पुढे बंद पडला.) डेव्हलपरचं प्रमाण सरांनी पाठ करून घेतलं होतं, ते आजही शेरासारखं तोंडावर आहे. १ लिटर पाण्याला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. वजन सोनाराच्या काट्यावर. स्टुडिओवाले काका रात्री धंदा मिटल्यावर एन्लार्जर वापरू द्यायचे, बदल्यात आम्ही त्यांचे ट्रे धुवायचे. लाल दिव्याखाली कोऱ्या कागदावर चेहरा वर येताना मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा आमच्यातला कुणी बोलला नाही.

खरी अडचण पाण्याची. फोटो हायपोतून काढल्यावर भरपूर वाहत्या पाण्यात धुवावा लागतो, नाहीतर काही वर्षांत पिवळा पडतो. आमच्याकडे उन्हाळ्यात प्यायला दोन घागरी मिळायची मारामार. सरांनी मग युक्ती शिकवली, वाहत्या पाण्याऐवजी पाच-सहा भांडी मांडायची आणि फोटो एकातून दुसऱ्यात सरकवत न्यायचा. शेवटचं पाणी स्वच्छ राहिलं की झालं. ते फोटो आजही पांढरेशुभ्र आहेत. मुंबईच्या त्या कप्तानांना आणि दाजी बंधूंना जो प्रश्न पडला होता तोच आम्हाला पडला होता, पुस्तकातलं पाणी आणि आपल्याकडचं पाणी.

याच काळात माझ्या नानीने हजचा अर्ज भरला. तिने आयुष्यात फोटो काढला नव्हता, काढणार नाही असं तिचं ठरलेलं होतं. पण अर्जाला फोटो लागतो. मौलवीसाहेबांनी गरज म्हणून चालेल असं सांगितलं, तेव्हा ती डोक्यावरून पदर नीट घेऊन त्या ताजमहालापुढे बसली. मी काकांकडून निगेटिव्ह मागून घेतली आणि मोठी करून घरी आणली. नानी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ये मैं नहीं रे, मेरी अम्मा है. अम्मा अइसीच दिखती थी." तिच्या आईची तसबीर कुठेच नव्हती. तोवर ती फक्त नानीच्या डोक्यात होती.

आमच्या त्या बिननावाच्या क्लबाने पुढे सलॉन गाजवले नाहीत, बक्षिसं मिळवली नाहीत. पण ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपलेले होते. सुमारे दहा हजार माणसं गेली. घरं दगडमातीची, त्यांखाली माणसांबरोबर तसबिरीही गेल्या. काही आठवड्यांनी आमच्याकडे लोक येऊ लागले. कुणाचं मेहुणं, कुणाची लेक तिकडे दिलेली. त्यांच्याजवळ इकडच्या कुठल्या तरी लग्नातले ग्रुप फोटो असत. चाळीस-पन्नास माणसं दाटीने उभी, त्यात मागच्या ओळीतल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणत, हिला एकटीला काढून द्या.

फोटोवरून फोटो घ्यायचा, मग त्यातला चेहरा मोठा करायचा, हे आम्ही एका रविवारी शिकलो होतो, गंमत म्हणून. चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा असायचा. मोठा केला की ठिपके ठिपके व्हायचे, डोळे कुठले आणि सावली कुठली ते कळायचं नाही. सर म्हणायचे, लहानच ठेवा, पोस्टकार्डाच्या अर्ध्याएवढा, म्हणजे ओळख टिकेल. त्या हिवाळ्यात आम्ही असे ४०-५० तरी चेहरे काढून दिले असतील. या वेळी मात्र प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने नाव लिहिलं, गाव लिहिलं. दोन-तीन न्यायला कुणी आलंच नाही, ते अजून माझ्याकडे आहेत.