व्हिजन बोर्ड
व्हिजन बोर्ड : आयुष्यात जे साधायचे आहे त्याची चित्रे, छायाचित्रे आणि मोजके शब्द एका फलकावर लावून ते रोज नजरेसमोर ठेवण्याची पद्धत, तसेच असा फलक. घर, नोकरी, शिक्षण, प्रवास, आरोग्य, कर्जमुक्ती असे कोणतेही उद्दिष्ट त्यावर येऊ शकते. नव्या वर्षाच्या सुरुवातीला किंवा वाढदिवसाला तो करण्याची प्रथा आहे.

साहित्य साधे असते : कार्डशीट किंवा सॉफ्टबोर्ड, जुनी मासिके, कात्री, डिंक किंवा टाचण्या. डिंकापेक्षा टाचण्या सोयीच्या, कारण उद्दिष्टे बदलतात आणि चित्र काढून दुसरे लावता येते. पिंटरेस्ट किंवा कॅनव्हा वापरून मोबाइलवरही बोर्ड करता येतो, पण तो इतर फोटोंच्या गर्दीत हरवतो. शिवाय कागद कापताना ‘हे मला खरेच हवे आहे का?’ हा विचार करायला उसंत मिळते. बोर्डाचा अर्धा उपयोग तिथेच होतो.

या पद्धतीचे मूळ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत उदयाला आलेल्या ‘न्यू थॉट’ विचारधारेत सापडते. मनातल्या विचाराला बाहेरचे जग घडवण्याची शक्ती असते, अशी तिची धारणा होती. वॉलेस वॉटल्स यांचे ‘द सायन्स ऑफ गेटिंग रिच’ (1910) हे पुस्तक त्याच परंपरेतले. शक्ती गवेन यांनी ‘क्रिएटिव्ह व्हिज्युअलायझेशन’ (1978) या पुस्तकात इच्छेचे चित्र कागदावर उतरवण्याची कृती ‘ट्रेझर मॅप’ या नावाने सांगितली. जगभर प्रसार झाला तो मात्र ऑस्ट्रेलियन निर्मात्या राँडा बर्न यांच्या ‘द सीक्रेट’ (2006) या चित्रपटामुळे आणि पुस्तकामुळे. जुन्या बोर्डावर चिकटवलेल्या घरातच आपण आता राहतो आहोत, हे सामानाची खोकी उघडताना कळल्याची हकीकत उद्योजक जॉन असराफ यांनी त्यात सांगितली आहे. 2007 मध्ये ओप्रा विन्फ्री यांनी आपल्या कार्यक्रमात या विषयाला स्थान दिल्यावर तो घरोघरी पोहोचला.

या संदर्भात अभिनेता जिम कॅरीचे उदाहरण हमखास दिले जाते. उमेदवारीच्या काळात त्याने स्वतःच्याच नावाने एक कोटी डॉलरचा चेक लिहिला, त्यावर 1995 ची तारीख घातली आणि तो पाकिटात बाळगला. मुदत संपण्यापूर्वीच तेवढ्या मानधनाचे काम आपल्याला मिळाल्याचे त्याने 1997 मध्ये ओप्राच्या कार्यक्रमात सांगितले. नुसती कल्पना करून भागत नाही, कामही करावे लागते, हेही तो त्याच मुलाखतीत म्हणाला होता. गोष्ट पुढे सांगताना नेमके हेच वाक्य गळते.

मानसशास्त्रातील संशोधन कॅरीच्या या अटीच्या बाजूने आहे. गाब्रिएले ओटिंगेन आणि थॉमस वॅडन यांनी वजन कमी करण्याच्या उपक्रमातील 25 स्त्रियांचा अभ्यास 1991 मध्ये प्रसिद्ध केला. आपल्याला यश मिळेल असा विश्वास असलेल्या स्त्रियांचे वजन अधिक उतरले. पण सडपातळ झाल्याची सुखद स्वप्ने रंगवणाऱ्यांचे कमी उतरले. विश्वास आणि दिवास्वप्न यांचे परिणाम असे उलट निघाले. स्वप्नातच यश उपभोगले की शरीर सैलावते आणि धडपडीची ऊर्जा कमी पडते, असे ओटिंगेन यांच्या पुढच्या प्रयोगांतून दिसले. लिएन फॅम आणि शेली टेलर यांनी 1999 मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोगही बोलका आहे : चांगले गुण मिळाल्याचे चित्र मनात पाहणाऱ्यांपेक्षा, आपण कुठे आणि कसे बसून अभ्यास करत आहोत हे पाहणाऱ्यांनी अभ्यासही अधिक केला आणि गुणही अधिक मिळवले.

म्हणून बोर्डावर फळाबरोबर काम दिसले पाहिजे. पूजेच्या संकल्पात स्थळ, काळ, नाव-गोत्र, हवे ते फळ आणि करावयाचे कर्म हे सगळे उच्चारले जाते; व्हिजन बोर्डाला हीच रीत लागू पडते. पोळी-भाजी केंद्र काढू पाहणाऱ्या बाईने झगमगत्या हॉटेलचे चित्र लावले तर ते पाहून दोन दिवस बरे वाटेल. त्याऐवजी तवा, पहाटे पाचचे घड्याळ, परवान्यासाठी लागणाऱ्या कागदांची यादी, पहिल्या दहा डब्यांचे गिऱ्हाईक कुठे मिळेल ते ठिकाण आणि दरमहा बाजूला टाकायची रक्कम लावली, तर तोच बोर्ड दिवसाचे काम सांगू लागतो. अडचणही लिहावी : ‘भाड्याची जागा नाही, तोवर घरातूनच’. इच्छा, फलित, अडथळा आणि योजना या क्रमाने विचार करण्याची पद्धत ओटिंगेन यांनीच मांडली आहे.

जसा विचार तसेच वाट्याला येते, या बोर्डामागच्या ‘आकर्षणाच्या नियमा’ला मात्र विज्ञानाचा आधार नाही. त्याचा एक निष्ठुर अर्थही निघतो : ज्याच्या वाट्याला आजार, दारिद्र्य किंवा अपघात आला, त्याने तो स्वतःच्या विचारांनी ओढवून घेतला. हा अर्थ खोटा आहे आणि दुखावलेल्या माणसाला अधिक दुखावणारा आहे. दुष्काळात होरपळलेल्या शेतकऱ्याची इच्छाशक्ती कमी पडली, असे कोणी म्हणू नये. बोर्डाची जागा घराच्या भिंतीवर आहे. डॉक्टरच्या उपचाराऐवजी किंवा पैशांच्या हिशेबाऐवजी त्याचा आधार घेऊ नये.

बोर्ड लावावा तो रोज हात लागेल अशा जागी, म्हणजे कपाटाच्या दाराला आतून किंवा अभ्यासाच्या टेबलासमोर. महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यासमोर उभे राहून झालेल्या कामावर खूण करावी आणि जी इच्छा आता आपली राहिली नाही, तिची टाचणी काढून टाकावी.