शिंगाची गवसणी आणि शिंगाची पेटी

वाद्यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. कोणते वाद्य कोणी घडविले, कोणत्या देवळात ते वाजले, कोणत्या घराण्याने त्याची सेवा केली, ह्याच्या नोंदी कमीअधिक प्रमाणात सापडतात. परंतु वाजवून झाल्यावर ते वाद्य कशात ठेवले जाई, एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना त्यावर कोणते आच्छादन असे, ह्या प्रश्नाकडे इतिहासलेखकांचे लक्ष क्वचितच गेले. वास्तविक कोणत्याही वाद्याचे आयुष्य वाजण्यापेक्षा न वाजण्यात अधिक जाते, आणि ते किती पिढ्या टिकणार हे त्या न वाजण्याच्या काळातच ठरते. प्रस्तुत लेखात आम्ही फुंकून वाजविण्याच्या धातूच्या वाद्यांपुरता हा विचार करणार आहोत. एका बाजूस पाश्चात्त्यांचे फ्रेंच हॉर्न, दुसऱ्या बाजूस आपले शिंग. आणि दोहोंपुढे एकच प्रश्न: मऊ गवसणी की कठीण पेटी?

आरंभ बालाघाटापासून करणे सयुक्तिक ठरेल. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा जिल्हा १८६७ साली मंडला, शिवनी व भंडारा ह्या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून बनविला गेला. त्याचा बराचसा भाग पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. राज्याची सीमा अशी रेखली गेली तरी घरातील बोली आणि देवळातील रिवाज सीमेवर थांबत नाहीत. लांजीचे कोटेश्वर आणि रामपायलीचे राममंदिर ही नावे आजही वैनगंगेच्या दोन्ही अंगांच्या मराठी घरांत सारख्याच जिव्हाळ्याने घेतली जातात.

ह्याच जिल्ह्यात गुंगेरिया नावाचे एक खेडे आहे. तेथे १८७० साली जमिनीत पुरलेला एक अपूर्व साठा हाती लागला. तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे त्यात होते. चांदीच्या पत्र्यांपैकी काही वाटोळे, तर काही खाली वळलेल्या शिंगांच्या बैलमुखाच्या आकाराचे आहेत. ज्या कोणी हे धन भूमीच्या स्वाधीन केले, ते पुन्हा ते उकरावयास आले नाहीत. आजच्या काळी त्याच जिल्ह्यातील मलाजखंड येथे देशातील तांब्याची एक प्रमुख खाण आहे. तांबे आणि जस्त मिळून पितळ होते. सामान्यतः ७० भाग तांबे व ३० भाग जस्त असे पितळ वाद्यांसाठी वापरले जाते. तांब्याचे प्रमाण वाढविले की रंग तांबूस आणि नाद अधिक गंभीर होतो असे वादक मानतात. शिंगाच्या इतिहासाचे एक टोक अशा रीतीने ह्या भूमीत आहे.

‘शृंग’ ह्या संस्कृत शब्दापासून आपला ‘शिंग’ हा शब्द आला. वाद्याचे आणि जनावराच्या अवयवाचे नाव एकच असावे, ह्यातच त्याची उत्पत्ती सांगितलेली आहे. इंग्रजीतील ‘हॉर्न’ शब्दाचीही हीच कथा. जनावराच्या खऱ्या शिंगाला आच्छादन लागत नव्हते. ते कमरेस अडकविले की काम भागे. शंखाचेही तसेच. निसर्गाने जे घडविले ते पुरेसे जाड होते. मनुष्याने धातूचा पत्रा ठोकून तो पातळ केला, त्याचे मुख फुलासारखे उमलविले, आणि मग त्या पातळ मुखाला जपण्याची चिंता त्याच्या मागे लागली.

फ्रेंच हॉर्नची कहाणी ह्या दृष्टीने मननीय आहे. सतराव्या शतकात फ्रान्सच्या राजेरजवाड्यांच्या शिकारीत हे वाद्य वाजत असे. सुमारे साडेचार मीटर लांबीची नळी मोठ्या कड्याप्रमाणे वळविलेली असे, आणि घोडेस्वार ते कडे खांद्यावरून आडवे अंगात अडकवी. म्हणजे वाजविणाऱ्याचे शरीर हीच त्या वाद्याची पेटी होती. पुढे बोहेमियातील काउंट श्पोर्क ह्या सरदाराने आपल्या दोन सेवकांना हे वादन शिकविण्याची व्यवस्था केली, आणि मध्य युरोपात त्याचा प्रसार झाला. अरण्यातून ते वाद्य राजवाड्याच्या दिवाणखान्यात आले. अठराव्या शतकाच्या मध्यास ड्रेस्डेन येथील हांपेल ह्याने वाद्याच्या मुखात हात घालून स्वर बदलण्याची पद्धती रूढ केली, आणि १८१४ च्या सुमारास श्टोल्त्सेल ह्याने झडपेची योजना केली. कळ दाबली की वाऱ्याचा मार्ग बदलतो आणि नवा स्वर निघतो, असे ते यंत्र आहे. ह्या वाद्याला ‘फ्रेंच’ म्हणण्याची आता गरज नाही, नुसते हॉर्न म्हणावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय हॉर्न संस्थेने १९७१ साली केली. परंतु आपल्याकडील बँडवाल्यांच्या तोंडी जुने नावच बसले आहे.

झडपा आल्या आणि वाद्य नाजूक झाले. आजचे जोड हॉर्न हे फ आणि ब-फ्लॅट अशा दोन सुरांच्या नळ्यांचे असते. एकट्या फ सुराची नळी सुमारे ३.७ मीटर भरते. ती सारी गुंडाळून एका हाताच्या कवेत बसविलेली असते. मुखाचा व्यास साधारण ३० सेंटिमीटर. मुखाचा पत्रा पातळ, झडपांची जोडणी सूक्ष्म; एक चीप पडली तरी सुरात फरक पडण्याचा संभव, आणि एक दांडी वाकली तर कळ अडकते. म्हणून लाकडी सांगाड्याची, आत मखमल लावलेली, वाद्याच्या आकाराला अनुरूप पेटी प्रचारात आली. पुढे मुख फिरवून निराळे काढता येईल असे हॉर्नही तयार होऊ लागले. त्यामुळे अवजड पेटीच्या जागी चपटी पेटी पुरू लागली.

आता ह्या ठिकाणी आमचे शिंग आठवावे. शिंग हे बहुधा अखंड नसते. दोन किंवा अधिक वक्र नळ्या एकात एक बसवून ते उभे करतात. जोडणी एका बाजूने केली तर चंद्रकोरीचा आकार येतो, उलट बाजूने केली तर नागमोडी. वाजविणे संपले की तुकडे सुटे करून एकत्र बांधता येतात. युरोपातील कारागिरांनी पेटीचा आकार आटोक्यात आणण्यासाठी जी युक्ती केली, ती आपल्या शिंगाच्या मूळ रचनेतच आहे. अशा वाद्याला मोठी पेटी लागत नाही. जाड कापडाची गवसणी पुरते.

‘गवसणी’ हा शब्द आपल्या भाषेत किती खोल रुजला आहे, हे पाहण्यासाठी दूर जावयास नको. अशक्य कार्य हाती घेणाऱ्यास आपण आभाळाला गवसणी घालणारा म्हणतो. वीणेची आणि तंबोऱ्याची गवसणी घरोघरी डोळ्यांसमोर असल्याखेरीज अशी उपमा कोणास सुचली नसती. त्याच भाषेत पोथी बांधण्याच्या कापडास ‘बासन’ म्हणतात; परंतु एखादे काम बासनात गुंडाळले असे आपण म्हणतो तेव्हा ते कायमचे बाजूस पडले असा अर्थ होतो. मऊ आच्छादनाविषयीचे हे दोन वाक्प्रचार परस्परविरोधी आहेत. एकात उमेद आहे, दुसऱ्यात विस्मरण. त्यावरून इतके तर निश्चित म्हणता येईल की, कापड मऊ आहे म्हणून आतील वस्तू जिवंत राहते असे नव्हे. ती केव्हा सोडली जाते, ह्यावर सारे अवलंबून आहे.

गोमंतकीय वाचकांस हा विषय निराळ्या संदर्भात परिचित आहे. १५६० च्या सुमारास श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आणले गेले. श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली. वास्तू मागे राहिल्या; जे डोक्यावरून, खांद्यावरून, होडीतून नेता आले ते नदीपार पोचले. ज्या समाजावर असा प्रसंग आला, त्याला उचलून नेता येणाऱ्या वस्तूचे मोल शिकवावे लागत नाही. अंत्रुजातील देवळांतून शेणय, सूर्त, ताशे, घुमट, चौघडा आणि शिंग ही वाद्ये देवाच्या सेवेत नांदली. पालखीबरोबर चालावयाचे वाद्य हलके असले पाहिजे आणि चटकन हाती आले पाहिजे. पालखीच्या पुढे कोणी पेटी उचलून चालत नाही.

मग पेटीची जागा कोठे? येथे पुन्हा बालाघाटाकडे वळावे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाहून बालाघाट, नैनपूर मार्गे जबलपूरपर्यंत अडीच फुटी रुळांची अरुंद गाडी सुरू केली. बालाघाट-जबलपूर टप्प्यावरील ती गाडी २०१५ साली थांबली आणि आता तेथे रुंद रूळ आहेत. लहान डबे, अरुंद दारे, सामानासाठी बेताची जागा, असा तो प्रवास असे. वाद्य घेऊन निघालेल्या कोणाही मनुष्यापुढे अशा गाडीत एकच निवड उरते. वाद्य मांडीवर घेता आले तर ते आपल्याबरोबर. घेता आले नाही तर सामानाच्या डब्यात, परक्या हातांच्या हवाली. आमच्या मते गवसणी आणि पेटी ह्यांतील खरी कसोटी हीच होय. वाद्य वाजविणाऱ्याच्या हातीच राहणार असेल तर गवसणी उत्तम, कारण तिच्यावर माणसाचे लक्ष असते. दुसऱ्याने उचलावयाचे, रचावयाचे, टाकावयाचे असेल तर पेटीवाचून गत्यंतर नाही, कारण तेथे लक्षाची जागा लाकडाने भरून काढावयाची असते.

तथापि पेटी म्हणजे अभयदान नव्हे. पेटीत वाद्य सैल बसले तर आतल्या आत आपटून ते अधिकच चेमटते. हॉर्नचे वजन साधारण अडीच किलो असते, आणि चांगल्या कठीण पेटीचे त्याहूनही अधिक भरू शकते. जो मनुष्य हे ओझे रोज वाहू शकत नाही, तो हळूहळू वाद्य घरी ठेवू लागतो. गवसणी पाठीवर टाकता येते, परंतु गर्दीत एक धक्का बसला की मुख दबते, आणि वर कोणी दुसरे सामान ठेवले तर झडपांच्या दांड्या वाकतात.

तिसरा शत्रू आतून येतो, तो म्हणजे ओल. फुंकून वाजविण्याच्या वाद्यात श्वासाची वाफ साचते. ती न काढता वाद्य बंद पेटीत ठेवले, आणि वर पावसाळा असला, म्हणजे पितळ कळकते. आपल्या देवघरातील तांब्याचा गडवा चार महिने न घासता ठेवल्यास जे होते तेच येथे होते. फार काळ गेला तर पितळातील जस्त झडून जागोजाग तांबूस डाग पडतात आणि तेथे पत्रा ठिसूळ होतो. पेटीच्या आत लोकरीचे अस्तर असेल तर त्यातील गंधकाने चांदीचा मुलामा काळवंडतो. काही प्रकारच्या लाकडांतून निघणारी आम्ल वाफही धातूस अपायकारक असते. म्हणजे जी पेटी बाहेरच्या आघातापासून रक्षण करते, तीच निष्काळजीपणे बंद केली तर आत मंद विष ठरते. कापडाची गवसणी निदान वारा आत येऊ देते.

हा सारा विचार आम्ही केवळ वाद्यांच्या हौसेपोटी करीत नाही. अनेक देवळांतून आरतीच्या वेळी आता विजेवर चालणारा नगारा आणि घंटा वाजतात. पालखीपुढे ध्वनिक्षेपकावरून मुद्रित सनई लागते. शिंग भांडारातील पेटीत असते. विचारले तर विश्वस्त मंडळी आदराने सांगतात की ते फार जुने आहे, म्हणून जपून ठेवले आहे. त्यांच्या भावनेविषयी आम्हांस शंका नाही. परंतु वर्षानुवर्षे न वाजलेल्या शिंगाचे सांधे एकमेकांस धरून बसतात, आणि त्याहून गंभीर गोष्ट अशी की ते फुंकणारा मनुष्य मागे उरत नाही. ओठांचा दाब आणि छातीचा दम ह्या गोष्टी कोणत्याही पेटीत ठेवता येत नाहीत. त्या एका माणसाकडून दुसऱ्याकडे, वाजविता वाजविताच जातात. गुंगेरियाचे तांबे शतकानुशतके जमिनीखाली सुरक्षित राहिले हे खरे; पण ते ज्यांच्या हाती होते त्यांचे नाव, त्यांची भाषा, त्यांचा विधी ह्यांपैकी काहीच त्याबरोबर राहिले नाही.

म्हणून देवस्थानांच्या व्यवस्थापकांस आमची विनंती अशी की, दोहोंपैकी एक निवडण्याच्या भरीस न पडता दोन्हींचा उपयोग करावा. भांडारात व रेल्वेच्या प्रवासात पेटी असावी. तिचे अस्तर धुतलेल्या सुती कापडाचे असावे आणि वाद्य आत हलणार नाही इतके घट्ट बसावे. उत्सवात व पालखीच्या वेळी गवसणी असावी, आणि ती वाद्याच्या आकाराला बेतून शिवलेली असावी. वाजवून झाल्यावर वाद्यातील पाणी काढून, कोरड्या फडक्याने पुसून, काही वेळ वाऱ्यावर ठेवूनच ते बंद करावे. शिंगाचे तुकडे सुटे करून, प्रत्येकास निराळे कापड लावावे. आणि दर पौर्णिमेस वा एकादशीस पेटी उघडून ते वाद्य एकदा तरी फुंकावे. शक्य असल्यास एखाद्या तरुणाच्या हातून. देवळाच्या रोजकीर्दीत त्या दिवसाची एक ओळ लिहिली, तर पुढच्या पिढीच्या इतिहासलेखकास नुसती वस्तू सापडणार नाही, ती कोणी केव्हा वाजविली हेही सापडेल.