संदर्भनिर्देश

संदर्भनिर्देश : संशोधनपर लेखनातील अवतरण, माहिती वा मत मुळात कोणाचे व कोठले, हे नोंदवण्याची पद्धत. काशीच्या मराठी पंडितांत ती मुद्रणपूर्व काळापासून दिसते. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टाने निर्णयसिंधू या धर्मशास्त्रग्रंथात (१६१२) वचनांसोबत स्मृती, पुराण वा हेमाद्रीसारख्या निबंधकाराचे नाव दिले. पृष्ठांक अर्थातच नाहीत. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी धर्मसिंधूत (शके १७१२) मात्र मूळ वचने गाळून निर्णय तेवढे ठेवले. आज विद्यार्थ्याच्या निबंधात लेखक, ग्रंथ, आवृत्ती, वर्ष व पृष्ठांक अपेक्षित असतात. दुसऱ्याच्या ग्रंथातून उचललेले वचन तसे सांगूनच द्यावे लागते. शब्द बदलले तरी निर्देश टळत नाही (पहा : वाङ्मयचौर्य). आधुनिक ग्रंथांपैकी पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्रेतिहासात (५ खंड, १९३०–६२) मूळ संस्कृत वचने तळटीपांत आहेत.