टाचेतला एक थेंब

आजची गोष्ट एका औषधाची. ते हाताशी होतं, पण बाळांपर्यंत वेळेत पोचायला त्याला ८० वर्षं लागली.

साल १८९१, इंग्लंडमधलं न्यूकॅसल. डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क काढून एका ४६ वर्षांच्या बाईंना टोचला. थायरॉईड मंदावल्याने त्या सुजल्या होत्या, सुस्तावल्या होत्या. त्या सुधारल्या आणि पुढे तब्बल २८ वर्षं जगल्या! लवकरच हे औषध जन्मतः थायरॉईड कमी असलेल्या मुलांनाही मिळू लागलं. त्यांची उंची वाढली, चेहरा बदलला. बुद्धी मात्र बऱ्याचदा मागेच राहिली.

असं का? कारण पोटात असताना आईचा थोडा हार्मोन मिळालेला असतो, त्यामुळे जन्मल्यावर बाळ ठणठणीत दिसतं. नंतर ते जास्त झोपतं, कमी रडतं. घरचे म्हणतात, 'किती शहाणं बाळ!' आणि तिकडे मेंदूच्या वाढीचे आठवडे निघून जातात.

१९७२ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासाने हिशोबच मांडला. तीन महिन्यांच्या आत औषध मिळालेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ८९. तीन ते सहा महिन्यांत मिळालं तर ७०. त्यानंतर? फक्त ५४.

म्हणजे औषध तेच, फरक फक्त वेळेचा. कॅनडातल्या क्विबेकमध्ये डॉ. झां दुसो यांनी नेमका तोच प्रश्न सोडवला. बाळाच्या टाचेतलं रक्त कागदावर वाळवायचं आणि त्यात हार्मोन मोजायचा. १९७४ च्या सुमारास तिथे नवजात बाळांची अशी तपासणी सुरू झाली. मला तर हा शोध मूळ औषधाइतकाच मोठा वाटतो.

आज उपचार म्हणजे लिव्होथायरॉक्सिनची छोटी गोळी. ती चुरून थोड्या पाण्यात किंवा आईच्या दुधात रोज द्यायची. लोह, कॅल्शियम किंवा सोयाच्या दुधासोबत नको, कारण औषध नीट शोषलं जात नाही. सुरुवातीचा डोस साधारण किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम. बाळाचं वजन झपाट्याने वाढतं, म्हणून रक्त वारंवार तपासून डॉक्टर डोस बदलत राहतात. बाळ छान दिसतंय म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. ती कायमची लागेल का, हे बहुतेकदा तीन वर्षांनंतर डॉक्टर तपासून ठरवतात.

आपल्याकडे ही तपासणी अजून प्रत्येक बाळाची होत नाही. म्हणून ताई-वहिनीचं बाळंतपण झालं की पेढे वाटण्याआधी एवढंच विचारा: 'बाळाची थायरॉईडची तपासणी झाली का?'