गोव्यातली एक बोर्गवार्ड: बुडालेल्या कंपनीची गाडी आणि तिचे कागद

1961 हे साल गोंयकारांनी कशासाठी लक्षात ठेवायचे ते सांगायला नको. त्याच वर्षी सप्टेंबरात जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात बोर्गवार्ड नावाची मोटार कंपनी दिवाळखोरीत निघाली. या दोन गोष्टींचा आपसात काही संबंध नाही. तरीसुद्धा मडगावच्या एका घरातून मी जी गाडी विकत घेतली, तिच्यात दोन्ही येऊन मिळतात. गाडी आहे बोर्गवार्ड इझाबेला कूपे. ती का घेतली, घेताना काय पाहिले आणि तिच्यासोबत मिळालेल्या कागदांतून गोव्याच्या त्या काळाबद्दल काय कळते, ते इथे मांडतो.

आधी कंपनीविषयी. कार्ल बोर्गवार्ड (1890–1963) हा कोळसा विकणाऱ्याचा मुलगा. मोटारींचे रेडिएटर बनवण्यापासून त्याची सुरुवात झाली. 1924 साली त्याने माल वाहणारी एक छोटी तीनचाकी गाडी काढली आणि तिच्या जोरावर पुढे मोठ्या कंपन्या हाताखाली आणल्या. महायुद्धानंतर ब्रेमेनमध्ये बोर्गवार्ड, गोलियाथ आणि लॉईड अशा त्याच्या तीन कंपन्या चालत. इझाबेला आली 1954 साली. ती खूप खपली, एकूण दोन लाखांवर. कूपे 1957 पासून मिळू लागली. तिचे इंजिन 1493 सीसीचे, 75 हॉर्सपॉवरचे. दोन दारे, पुढे दोघे ऐसपैस बसतील आणि मागे मुलांपुरती जागा. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. इझाबेलांच्या एकूण संख्येत कूपे थोड्याच, म्हणून आज त्यांची मागणी जास्त.

मग एवढे चालणारे दुकान बुडाले कसे? तिन्ही कंपन्यांचा कारभार वेगळा, मॉडेले भाराभर आणि निर्णय घेणारा माणूस एकच. अराबेला ही नवी गाडी घाईने बाजारात आणली. तिच्यात पावसाचे पाणी शिरे, म्हणून लोक तिला ‘अक्वाबेला’ म्हणू लागले. 1960 मध्ये अमेरिकेतली विक्री घसरली. फेब्रुवारी 1961 मध्ये बोर्गवार्डला कंपनी ब्रेमेन राज्याच्या ताब्यात द्यावी लागली आणि सप्टेंबरात सगळे संपले. पुढे देणेकऱ्यांचे सगळे पैसे फिटले. त्यामुळे कंपनी खरोखर बुडाली होती की बुडू दिली, हा वाद जर्मनीत अजून चालतो. कारखान्यातली काही यंत्रे मेक्सिकोत मॉन्तेरेला गेली, तिथे 1967 ते 1970 थोड्या गाड्या निघाल्या. ब्रेमेनच्या त्या जागेवर आता मर्सिडीजचा कारखाना आहे.

अशी गाडी गोव्यात कशी आली, याचे उत्तर त्या काळच्या व्यापारात आहे. 1947 नंतर भारतात परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक बंधने आली. पैसे असले तरी अँबॅसडर, फियाट नाहीतर स्टँडर्ड, एवढीच निवड. गोव्यात तसे नव्हते. लोहखनिज जपानला आणि पश्चिम जर्मनीला जाऊ लागले होते, हातात पैसा खेळत होता आणि मुरगाव बंदरात उतरणाऱ्या मालावर भारतासारखी बंधने नव्हती. 1955 च्या सुमारास भारताने नाकेबंदी केली, रेल्वे थांबली, सीमा बंद झाली. बेळगावहून येणारी भाजी आणि धान्य अडले, पण समुद्र उघडा होता. म्हणून घरात तांदळाची चणचण आणि दारात जर्मन गाडी, असे चित्र काही घरांत दिसे. आपण हा काळ बहुधा सत्याग्रह आणि तुरुंगवास यांतून वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याची दुसरी बाजू अशा गाराजांत उभी आहे.

आता गाडीकडे वळतो. विकणाऱ्या कुटुंबाच्या वडिलांनी ती नवी घेतली होती. ते गेल्यावर गाडी तीसेक वर्षे जागची हलली नव्हती. माझ्याआधी परराज्यातला एक दलाल येऊन गेला होता. त्याने माझ्यापेक्षा जास्त पैसे देऊ केले होते. त्याचा बेत असा: इंजिन काढून दुसरे बसवायचे, स्टिअरिंग उजवीकडे आणायचे, लाल रंग मारायचा आणि लग्नाच्या वरातींना भाड्याने द्यायची. त्याला आरसी बुक हवे होते, बाकीचे कागद नको होते. घरातल्या थोरल्या भावाने मला सांगितले, “गाडी आमची न्हय, बापायची.” त्यांनी मला कमी पैशांत द्यायचे ठरवले, पण दोन अटींवर. नंबर बदलायचा नाही आणि इंजिन तेच ठेवायचे. माझ्या निवृत्तीच्या पैशांतला बराच भाग यात जाणार होता. बायकोने एकच प्रश्न केला, “चालणार तरी आहे का ती?” त्या दिवशी मला खात्रीने हो म्हणता आले नाही.

म्हणून तपासणी तीन दिवस चालली. या गाडीला वेगळी चासी नाही, सांगाडा आणि बॉडी एकच. तेव्हा गंज म्हणजे नुसता रंगाचा प्रश्न नसतो, गाडीची ताकदच जाते. आपली हवा खारी, पाऊस चार महिने. गालिचे उचलून फ्लोअर टोचून पाहिला, दारांखालचे सिल पाहिले, डिकीत चाकाच्या खड्ड्यात पाणी साचत होते का ते पाहिले. डाव्या बाजूचा सिल सडलेला निघाला, बाकी पत्रा शाबूत होता. दारांच्या सांध्यांत तांबडी धूळ घट्ट बसलेली, तिला हात लावायला मन होईना. इंजिन हाताने फिरले, म्हणजे जाम नव्हते. रबर मात्र सगळे गेलेले, ब्रेकचे सिलिंडर गंजलेले. सुटे भाग पुरवायला आज कंपनी नाही. जर्मनीतल्या हौशी मंडळींकडून रबरी पट्ट्या मागवता येतात, बाकीचे इथल्या मेस्तांवर अवलंबून. ब्रेकच्या सिलिंडरांना आतून स्लीव्ह घालून देणारा मेस्त फोंड्याजवळ मिळाला, तेव्हा कुठे मी होकार दिला.

यापेक्षा महत्त्वाचा होता तो कागदांचा डबा. त्यात पहिले लिव्रेत, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतली गाडीची पुस्तिका. साल 1959. बनावट, रंग, इंजिन नंबर, मालकाचे नाव, सगळे पोर्तुगीजमध्ये. दुसरे, मुक्तीनंतरचे गोवा, दमण आणि दीव संघप्रदेशाचे नोंदणीपत्र, जीडीए मालिकेचा नंबर. त्यावर नोंदणीचे साल 1963. तिसरे, 1987 मध्ये गोवा राज्य झाल्यानंतरचे नूतनीकरणाचे शिक्के. एकाच गाडीवर तीन सत्तांची सही. नुसते आरसी बुक पाहिले असते तर गाडी मुक्तीनंतर आली असे वाटले असते. लिव्रेतमुळे कळते की ती नाकेबंदीच्या काळात उतरली होती. दोन्ही कागदांवरचा इंजिन नंबर इंजिनावर कोरलेल्या नंबराशी जुळला. मूळ इंजिन बदललेले नाही, हे त्यामुळेच सांगता येते. बनवणारा आता साक्ष द्यायला नाही, कागदच साक्षीदार.

नंबराची अट पाळणे कायद्यामुळे सोपे झाले. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्याने नोंदणाऱ्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो, पण आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. बदल्यात गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. वरातीचा धंदा यात बसत नाही, हे दलालाला ठाऊक असेल-नसेल.

एक गंमत सांगण्याजोगी. माझ्या गाडीचे स्टिअरिंग डावीकडे आहे. 1928 मध्ये पोर्तुगालने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचे ठरवले, पण गोव्यात शेजारच्या ब्रिटिश मुलखासारखी डावी बाजूच चालू राहिली. त्यामुळे पुढच्या ट्रकला मागे टाकायचे तर शेजारी बसलेल्याने पाहून “जा” म्हणायचे. घरचे सांगतात, वडील पणजीला निघाले की आई शेजारी बसे ती याच कामासाठी. तेव्हा जुवारीवर पूल नव्हता, तो 1983 मध्ये आला. कुठ्ठाळीहून फेरीबोटीत गाडी चढवून आगशीला उतरायचे. डब्यात त्या फेरीच्या पावत्या निघाल्या, मागे आईच्या हातचा वाणसामानाचा हिशेब. वडिलांनी त्या का जपल्या कोण जाणे, पण मुक्तीपूर्व गोव्यात कुटुंबे कशी फिरत होती, हे त्या पावत्यांवरून तारीखवार लावता येते.

गाडी आता चालते. फार वेगाने नाही आणि पावसात तर बाहेरच काढत नाही. बायकोच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, शेजारी बसून “जा” म्हणायचे काम आता तिच्याकडे आहे. डब्यातल्या सगळ्या कागदांच्या प्रती मंडळाच्या संग्रहात दिल्या आहेत, मूळ कागद गाडीसोबत राहतील आणि पुढच्या मालकाला गाडीसोबतच मिळतील.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात जुनी गाडी नसेल, पण तिचे लिव्रेत, पेट्रोलचे बिल, फेरीची पावती किंवा गाडीपुढे उभे राहून काढलेला फोटो असू शकतो. गाडी भंगारात गेली म्हणून कागद फेकू नका. फोटोत नंबर प्लेट दिसत असेल तर आवर्जून कळवा. एका घरातला डबा एका गाडीची गोष्ट सांगतो. असे दहा-वीस डबे जमले, तर मुरगावला उतरलेल्या त्या गाड्या कोणत्या घरांत गेल्या आणि पुढे त्यांचे काय झाले, हे आपल्याला नीट लिहिता येईल.