१९११ : दरबार आणि दरवाजा



सन १९११ म्हटले की आपल्याकडे दिल्लीचा दरबार आठवतो. २ डिसेंबरला बादशहा पंचम जॉर्ज मुंबईस अपोलो बंदरावर उतरले. १२ तारखेला दिल्लीत दरबार भरला आणि वंगभंग रद्द झाल्याची व राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याची घोषणा झाली. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेथे त्याच वर्षाची दुसरी पाने हाती लागली. ती आज आपल्यापुढे ठेवतो.

त्या वर्षी १८ फेब्रुवारीला अलाहाबादेहून नैनीला विमानाने टपाल गेले. विमानाने सरकारी टपाल नेण्याचा जगातील तो पहिलाच प्रयोग. पुढे १ नोव्हेंबरला लिबियात एका इटालियन वैमानिकाने विमानातून हाताने बाँब टाकले. नऊ महिन्यांच्या आत एकाच यंत्राने पत्रही पोहोचविले आणि मरणही. यंत्राला दोष कशाला द्यावा? ते कोणाच्या हाती आहे, हे पाहावे.

चीनमध्ये सरकारने लोकांच्या भांडवलावर उभे राहणारे रेल्वेमार्ग ताब्यात घेतले आणि त्यांसाठी परकी बँकांचे कर्ज काढले. सेचवान प्रांत खवळला. तो दाबण्यासाठी शेजारच्या प्रांतातून फौज हलविली गेली. इकडे १० ऑक्टोबरला वूचांग येथे सैनिकांनीच उठाव केला, आणि काही महिन्यांत अडीचशेहून अधिक वर्षांची मांचू राजवट संपली. सन यत्-सेन तेव्हा अमेरिकेत होते. उठावाची बातमी त्यांनी वर्तमानपत्रात वाचली!

ब्रिटनमध्ये ऑगस्टमध्ये रेल्वे कामगारांचा पहिला देशव्यापी संप झाला. लानेली येथे लष्कराच्या गोळ्यांनी दोन माणसे मेली. त्याच देशाने डिसेंबरात राष्ट्रीय विम्याचा कायदा केला. आजारपणासाठी आठवड्याला कामगाराने चार पेनी, मालकाने तीन आणि सरकारने दोन घालावयाचे. गोळी आणि विमा एकाच वर्षात! संघटित माणसाची राज्यकर्त्यांना भीतीही वाटते आणि दखलही घ्यावी लागते, ती अशी.

पण या वर्षातले जे पान आम्ही अजून विसरलो नाही, ते न्यूयॉर्कचे. शनिवार, २५ मार्च. ट्रँगल नावाचा बायकांचे ब्लाऊज शिवण्याचा कारखाना, इमारतीचे आठवा, नववा आणि दहावा मजला. काम सुटण्याच्या वेळी आठव्या मजल्यावर चिंध्यांच्या पेटीने पेट घेतला. दहाव्या मजल्यावर, जेथे मालक बसत, तेथे टेलिफोनने सूचना पोहोचली. नवव्यावर पोहोचली नाही. तेथल्या जिन्याचा एक दरवाजा कुलूपबंद होता. कामगारांनी माल चोरू नये, म्हणून सर्वांनी एकाच वाटेने पिशव्या दाखवीत बाहेर पडावे, अशी रीत होती. बाहेरचा लोखंडी जिना भाराने कोसळला. बंबाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचल्या. १४६ जीव गेले. त्यांत बहुतेक तरुण मुली, इटलीहून आणि पूर्व युरोपातील ज्यू वस्त्यांतून पोटासाठी आलेल्या. याच कारखान्यातील मुली १९०९ च्या मोठ्या संपात उतरल्या होत्या. परंतु मालकांनी त्यांच्या संघटनेला मान्यता दिली नव्हती.

डिसेंबरात दोन्ही मालक निर्दोष सुटले. दरवाजा त्या वेळी बंद आहे हे त्यांना ठाऊक होते, हे सिद्ध झाले नाही. पण शहर गप्प बसले नाही. चौकशी आयोग नेमला गेला आणि पुढील काही वर्षांत राज्याचे कारखाना कायदे नव्याने लिहिले गेले. ती आग रस्त्यावरून पाहणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स १९३३ मध्ये अमेरिकेच्या मजूरमंत्री झाल्या.

आणि आपल्याकडे? विजेचे दिवे आल्यावर मुंबईच्या गिरण्यांचा दिवस सूर्यास्तानंतरही चालू लागला होता. १९११ च्याच कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. बारा तास ही तेव्हा सवलत होती, हे ध्यानात घ्यावे.

शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टी कशाला, असे कोणी म्हणेल. २०१२ मध्ये ढाक्याजवळच्या एका कपड्यांच्या कारखान्यात शंभरावर कामगार जळून मेले. तेथेही बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या. आम्ही स्वतः एका लहान कारखान्यात मागच्या दाराला कुलूप पाहिले आहे. विचारले तर उत्तर आले, “माल जातो हो.” त्या वर्षी आमच्या मागणीपत्रात पहिली ओळ पगाराची नव्हती, कुलुपाची होती. सोबतचे काहीजण आमच्यावर रागावले. कुलूप निघाले, पगारवाढ त्या वर्षी थोडीच मिळाली. तो हिशेब चुकला असे आम्हांला आजही वाटत नाही.

बादशहांच्या त्या आगमनाची स्मृती म्हणून अपोलो बंदरावर कमान उभी आहे, आणि ती सुंदर आहे. ती जरूर पाहावी. मात्र उद्या कामावर जाल, तेव्हा आपल्या मागचे दार उघडते की नाही, तेही एकदा पाहावे. एवढीच विनंती.