पित्ताची गोळी आणि स्तनाचा कर्करोग : एका आशेचा हिशेब

आपल्या बोलण्यात 'पित्त' हा शब्द दोन ठिकाणी येतो. अंगावर लाल गांध्या उठून खाज सुटली, म्हणजे आपण म्हणतो, पित्त उठले; आणि छातीत जळजळून आंबट पाणी तोंडाशी आले, म्हणजेही आपण म्हणतो, पित्त झाले. विसाव्या शतकातील शास्त्राने या दोन्ही तक्रारींमागे एकच द्रव्य दाखवून दिले. त्याचे नाव हिस्टामिन. आपल्या पूर्वजांना हिस्टामिन ठाऊक होते असा दावा मी करणार नाही. हा केवळ शब्दाचा योगायोग आहे. परंतु आजचा विषय समजण्यास तो उपयोगी पडेल, म्हणून प्रारंभीच सांगून ठेवला.

या विषयाकडे मी वळलो तो एका प्रश्नामुळे. आमच्या युनियनमधील एका सभासद भगिनीच्या स्तनात गाठ निघाली आणि ती कर्करोगाची ठरली. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती. तिचा मुलगा संध्याकाळी कचेरीत आला. हातात गोळ्यांची पट्टी होती. म्हणाला, "अण्णा, ही पित्ताची गोळी कॅन्सरवरही चालते म्हणे. मग आईचं ऑपरेशन थांबवायचं का?" मी डॉक्टर नाही, माझे शाळेतले शिक्षणही सातवीपर्यंतचे. त्याला एवढेच म्हटले, "ऑपरेशन थांबवू नकोस. गोळीचं मी वाचून सांगतो." ते वाचन पुढे बरेच लांबले. त्याचे सार आपणांपुढे ठेवतो.

हिस्टामिन हे द्रव्य विंडाउस आणि फोग्ट या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी 1907 साली प्रयोगशाळेत प्रथम तयार केले. ते प्राण्याच्या अंगात गेल्यावर काय होते, हे 1910 साली इंग्लंडात हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी दाखविले. रक्तदाब उतरतो, श्वासनलिका आवळतात, बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन त्यांतील पाणी बाहेर झिरपते. म्हणजे हे बाहेरून आणलेले विष असावे असे वाटेल. परंतु 1927 साली डेल यांच्याच सहकाऱ्यांनी ताज्या यकृतातून आणि फुप्फुसातून हिस्टामिन वेगळे काढले, आणि ते आपल्याच शरीरात असते हे सिद्ध झाले. आपल्या ऊतकांत ज्यांना मास्ट पेशी म्हणतात, त्या ते साठवून ठेवतात आणि प्रसंगी सोडतात.

मग त्याला अडविणारी औषधे शोधण्याचा उद्योग सुरू झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दानिएल बोव्हे आणि आन-मारी स्टाउब यांनी 1937 साली असे पहिले द्रव्य दाखविले. ते माणसाला देण्याजोगे नव्हते, पण त्या वाटेने 1940 च्या दशकात पुढची औषधे आली. शिंका, खाज, गांध्या यांवर आपण आज ज्या गोळ्या घेतो, त्यांचे कूळ हेच. तथापि एक कोडे उरले. हिस्टामिनने जठरातील आम्ल वाढते, हे 1920 सालापासून माहीत होते. आणि खाज थांबविणारी ही औषधे त्या आम्लाला मात्र मुळीच अडवीत नसत. द्रव्य एकच असता असे का व्हावे?

याचे उत्तर ग्राहींत आहे. पेशीच्या पृष्ठभागावर काही विशिष्ट प्रथिने असतात, त्यांना इंग्रजीत रिसेप्टर म्हणतात. ती कुलुपासारखी समजा. हिस्टामिन ही किल्ली. ती ज्या कुलुपात बसते, तसे काम त्या पेशीत सुरू होते. 1966 साली लंडनमध्ये अॅश आणि शील्ड यांनी खाजेच्या औषधांनी बंद होणाऱ्या कुलुपाला 'एच-1' असे नाव दिले. जेम्स ब्लॅक यांनी इंग्लंडातील एका औषध कंपनीत 1964 पासून दुसऱ्या कुलुपाचा शोध चालविला होता. शेकडो संयुगे करून पाहिल्यावर 1972 साली त्यांच्या मंडळीने 'एच-2' सिद्ध केले. 1976 साली त्यातून सिमेटिडीन ही गोळी ब्रिटनच्या बाजारात आली. ज्या जठरव्रणासाठी पूर्वी पोट फाडावे लागे, तो पुष्कळ रुग्णांत गोळीने भरून येऊ लागला. ब्लॅक यांना 1988 साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे 1983 साली तिसरे आणि 2000 साली चौथे कुलूप सापडले. आज चार ठाऊक आहेत.

आता कर्करोगाकडे वळू. स्तनाच्या गाठींत हिस्टामिन सापडते, ते तयार करणारे यंत्र कर्करोगाच्या पेशींपाशी असते, आणि त्यांच्यावर ही कुलुपेही असतात. अर्जेंटिनात बुएनोस आयरेस विद्यापीठात एलेना रिव्हेरा, व्हानिना मेदिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर दीर्घकाळ काम केले आहे. त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. स्तनाच्या कर्करोगाच्या एका जातीच्या पेशींना थोडे हिस्टामिन दिले तर त्या वाढतात. पुष्कळ दिले तर त्यांची वाढ खुंटते. पुढे चौथे कुलूप चालू करणाऱ्या द्रव्यांनी उंदरांतील गाठींची वाढ मंदावते असेही त्यांनी 2013 साली दाखविले. म्हणजे एखादे कुलूप बंद केल्याने लाभ होईल, तर दुसरे उघडल्याने. 'हिस्टामिन चांगले की वाईट' हा प्रश्नच चुकीचा ठरतो. कोणत्या पेशीवरचे कुलूप, कोणते आणि किती, असे विचारावे लागते.

परंतु बशीतील पेशी आणि पिंजऱ्यातील उंदीर म्हणजे घरातील बाई नव्हे. माणसांत काय घडले ते आता पाहू. सिमेटिडीनने जठराच्या कर्करोगाचे रुग्ण अधिक जगतात, असे 1988 साली डेन्मार्कमधून प्रसिद्ध झाले; ब्रिटनमध्ये तोच प्रयोग केला, तेव्हा 1999 साली लाभ दिसला नाही. स्तनाच्या कर्करोगात ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी शस्त्रक्रियेपूर्वी सिमेटिडीन देऊन पाहिले. पेशींच्या वाढीचा वेग त्याने कमी झाला नाही, असे 2000 साली त्यांनी नोंदविले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी फॅमोटिडीन ही त्याच वर्गातील गोळी दिली. 2002 साली त्यांनी लिहिले की गाठीत शिरणाऱ्या रक्षक पेशी अधिक दिसल्या. ही आशेची गोष्ट खरी; पण तो छोटा, प्राथमिक प्रयोग होता, आणि गाठीत शिपाई अधिक दिसले म्हणजे लढाई जिंकली असे होत नाही.

सर्वांत बोधप्रद कथा कॅनडातील आहे. मॅनिटोबा विद्यापीठातील डॉ. लॉर्न ब्रँडिस यांचे मत असे की पेशीच्या आतही हिस्टामिनची एक जागा असते. ती अडविणारे एक औषध त्यांनी पुढे आणले. त्याला पुढे टेस्मिलिफीन हे नाव मिळाले. स्तनाचा कर्करोग अंगभर पसरलेल्या 305 स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. दोन्ही गटांना कर्करोगाचे नेहमीचे एक औषध दिले. एका गटाला जोडीला टेस्मिलिफीनही दिले. रोग वाढण्याचा काळ लांबतो का, हा मुख्य प्रश्न होता. तो लांबला नाही, आणि प्रयोग लवकर थांबविण्यात आला. पण पुढे हिशेब केला तेव्हा आश्चर्य घडले. टेस्मिलिफीन घेतलेल्या स्त्रियांचे मध्यम आयुर्मान 23.6 महिने, तर दुसऱ्या गटाचे 15.6. आठ महिन्यांचा फरक! ज्या घरात ती आई आहे, त्या घराला आठ महिने म्हणजे काय, हे सांगावयास नको. 2004 साली हे प्रसिद्ध झाले आणि आशेला भरते आले.

म्हणून आणखी मोठा प्रयोग झाला, 723 स्त्रियांवर. या वेळी प्रश्नच आयुर्मानाचा होता. 2007 च्या जानेवारीत देखरेख समितीने आकडे पाहिले आणि सांगितले, प्रयोग थांबवा; या औषधाने आयुष्य वाढत असल्याचे दिसत नाही, आणि पुढे चालविले तरी दिसण्याची आशा नाही. पहिला आकडा खोटा नव्हता, तो कोणी बनविलाही नव्हता. परंतु ज्याचे उत्तर शोधावयास आपण निघालो नव्हतो, ते वाटेत सापडले म्हणजे ते योगायोगाचेही असू शकते. ते पुन्हा मोजल्यावाचून पदरात घेऊ नये.

याच ब्रँडिस यांनी 1994 साली उंदरांवरील प्रयोगांतून इशारा दिला होता की लोराटाडीनसारख्या काही खाजेच्या गोळ्यांनी गाठी वाढतात. आणि 2020 साली स्वीडनमधील लुंडच्या संशोधकांनी राष्ट्रीय नोंदी तपासून लिहिले की लोराटाडीन घेणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाच्या स्त्रिया अधिक जगल्या. एकच गोळी, एकीकडे भय, दुसरीकडे आशा. यांपैकी एकही उत्तर अखेरचे नव्हे. उंदराचे बाईला लागू पडेलच असे नाही. आणि नोंदींत गोळी घेणारी बाई इतर गोष्टींतही न घेणारीहून वेगळी असू शकते. इतक्यात ह्यूस्टनच्या संशोधकांनी कारणाचा एक धागा दाखविला आहे. गाठीजवळच्या भक्षक पेशींवरील एच-1 कुलूप हिस्टामिनने उघडले, की त्या इतर रक्षक पेशींना आवर घालतात. यामुळे प्रतिकारशक्ती जागी करणाऱ्या नव्या उपचारांबरोबर या गोळ्या द्याव्यात का, हा विचार आज गंभीरपणे चालू आहे. पण विचार चालू आहे, एवढेच. स्तनाच्या कर्करोगावरचा उपचार म्हणून हिस्टामिनच्या ग्राहींवरील एकही औषध आज मान्य झालेले नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पॅक्लिटॅक्सेलसारखे औषध शिरेतून देण्यापूर्वी रुग्णालयात खाजेचे आणि पित्ताचे औषध पुष्कळदा देतात. ते त्या औषधाची रिअॅक्शन येऊ नये म्हणून, कर्करोगासाठी नव्हे. शिवाय या गोळ्या निरुपद्रवी आहेत असेही नाही. सिमेटिडीन यकृतात इतर औषधांच्या विल्हेवाटीत अडथळा आणते. रॅनिटिडीनमध्ये घातक अशुद्धी आढळल्याने 2020 साली अमेरिकेत ते बाजारातून काढावयास लावले. डॉक्टरांना न विचारता अशी गोळी सुरू करू नये, हे यावरून उघड आहे.

मग हा प्रश्न एकदाचा का सोडवीत नाहीत? मोठा प्रयोग करावयाचा तर वर्षे लागतात आणि पैसा लागतो. जुन्या, स्वस्त, पेटंट संपलेल्या गोळीवर तो पैसा कोणती कंपनी घालील? नफा नाही तेथे भांडवल जात नाही, हे कामगाराला शिकवावे लागत नाही. म्हणून असे प्रश्न सार्वजनिक पैशानेच सुटले पाहिजेत. हे अशक्य नाही. आपल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने पुढाकार घेऊन देशातील 11 केंद्रांत 1600 स्त्रियांवर एक प्रयोग केला. शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे जागा बधिर करण्याचे साधे जुने औषध, टोचावयाचे. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण 86.4 टक्क्यांवरून 90.1 टक्क्यांवर गेले, असे 2023 साली प्रसिद्ध झाले. त्या औषधाचा हिस्टामिनशी संबंध नाही. पण स्वस्त औषधालाही मोठ्या, चोख प्रयोगाची इभ्रत देता येते, हे त्याने दाखविले. पित्ताच्या गोळीलाही तीच मिळाली पाहिजे. ही मागणी डॉक्टरांपुरती नाही, आपणा सर्वांची आहे.

आमच्या युनियनमध्ये एक नियम आहे: वर्गणीचा हिशेब पुरा झाल्याखेरीज ठराव मांडायचा नाही. आशेलाही तोच नियम लावावा. हिशेब मागणे म्हणजे आशेला विरोध नव्हे. ज्या आजारी माणसाच्या नावाने आपण आशा बाळगतो, त्याची फसगत होऊ नये म्हणून तो मागावयाचा.

त्या मुलाला मी अखेर सांगितले, "गोळीवर शोध चालला आहे, पण उत्तर अजून आलेलं नाही. ऑपरेशनचं उत्तर मात्र आलेलं आहे." शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचारही झाले. आज ती भगिनी नातवाला शाळेत पोचवायला जाते. हे मी पुरावा म्हणून सांगत नाही. एका बाईवरून काही सिद्ध होत नाही, हेच तर इतका वेळ सांगत होतो. त्या संध्याकाळी मुलाने विचारले आणि विचारून थांबला, एवढे त्याने बरे केले.